उकलीनंतर उरते ते : रहस्यकथा, लोणार आणि परीक्षणाचा परित्याग

१

मराठी समीक्षेत काही मते अशी आहेत की, ती कोणी मांडली आणि कोणत्या पुराव्याने सिद्ध केली, हे विचारण्याची गरज कोणालाच भासत नाही. ‘रहस्यकथा एकदाच वाचता येते, जे एकदाच वाचता येते ते साहित्य नव्हे’ हे त्यांपैकी एक. पदव्युत्तर वर्गात ते सूत्र म्हणून सांगितले जाते, वाङ्मयेतिहासात एखाद्या परिच्छेदाच्या शेवटी निकालासारखे येते, आणि चर्चासत्रात ‘लोकप्रिय साहित्य’ या सत्रापुरते आठवून पुन्हा विसरले जाते. या मताची गंमत अशी की, ते मांडणाऱ्याला रहस्यकथा वाचलीच पाहिजे असे बंधन ते घालत नाही. पुनर्वाचन करून पाहिले आणि हाती काही लागले नाही, असा अनुभव त्याच्या मुळाशी नसतो. पुनर्वाचन व्यर्थ आहे हे आधीच ठरलेले असल्यामुळे पहिले वाचनही टळते.

या मौनाचा अर्थ आजवर तुच्छता असा लावला गेला. रहस्यकथेच्या बाजूने बोलणारेही तोच लावतात आणि मग तक्रारीच्या सुरात ‘या लेखकांनी वाचक घडवला’ असे सांगू लागतात. हा बचाव दुबळा आहे. वाचक घडवणे हे ग्रंथालय चळवळीचे श्रेय होऊ शकते, संहितेचे नव्हे. शिडी म्हणून उपयोगी पडलेल्या वस्तूची समीक्षा करण्याचे कारण नसते. वर पोचल्यावर ती बाजूला ठेवली जाते. अर्नाळकर वाचून पुढे ‘चांगले’ वाचू लागलो, अशी कबुली देणारे साहित्यिक अर्नाळकरांवर उपकार करत नाहीत, त्यांना शिडीच्या जागी ठेवतात.

रहस्यकथेविषयीचे मराठी समीक्षेचे मौन हे मुळात तुच्छतेचे मौन नाही. ते असमर्थतेचे मौन आहे. जी समीक्षा कथानक सांगितल्याशिवाय कादंबरीविषयी चार वाक्ये लिहू शकत नाही, तिला ज्या प्रकारात कथानक सांगण्यास मनाई आहे त्या प्रकारापुढे गप्प बसण्यावाचून गत्यंतर नसते. तुच्छता ही त्या असमर्थतेने पांघरलेली शाल आहे.

२

हे मौन जुने आहे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ १८७२ चा. मराठी कादंबरी जेमतेम पंधरा वर्षांची असताना तिच्यातील असंभाव्यतेवर त्यांनी केलेली टीका त्या काळाच्या दृष्टीने आवश्यकच होती. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या वाटेने जाणाऱ्या कथांना वास्तवाची आठवण करून देणे हे समीक्षेचे कामच होते. परंतु त्या टीकेतील संभाव्यतेची कसोटी पुढे मूल्याची एकमेव कसोटी बनली. भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशा तीन प्रवृत्ती मांडल्या तेव्हा मराठी कादंबरीच्या इतिहासाला प्रथमच एक सुसंगत आकृती मिळाली, यात शंका नाही. मात्र त्या मांडणीतील रंजनपर प्रवृत्ती हे नाव पुढच्या अभ्यासकांनी एखाद्या पेटीवर चिठ्ठी चिकटवावी तसे वापरले. चिठ्ठी लावली की पेटी उघडून पाहायला नको, अशी सोय झाली. गो. ना. दातार, बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, नारायण धारप हे सर्व एकाच पेटीत गेले. अद्भुत कादंबरी, हेरकथा, थरारकादंबरी, न्यायालयीन रहस्य आणि भयकथा यांचे व्यूह परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत, हे तपासण्याचे कारण उरले नाही.

रूपवादी समीक्षेने तरी हे करावयास हवे होते. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाचा आधार घेऊन कलाकृतीच्या घटकांची परस्परसापेक्षता आणि एकसंध रचना यांचा आग्रह धरणाऱ्या पिढीसमोर, प्रत्येक घटक संपूर्ण रचनेच्या संदर्भातच अर्थ धारण करतो असा एक प्रकार फलाटावरच्या पुस्तकगाड्यावर विकला जात होता. रहस्यकथेत टेबलावरची विझलेली मेणबत्ती वातावरणनिर्मितीसाठी नसते. ती शेवटच्या प्रकरणाशी जखडलेली असते. जिथे रचनेतील शैथिल्य खपतच नाही, असा दुसरा गद्यप्रकार दाखवणे कठीण. तरीही रचनेचे पुजारी त्याच्याकडे फिरकले नाहीत. कारण एकसंधतेचे तत्त्व सांगताना त्यांच्या मनात प्रत्यक्षात विषयाची प्रतिष्ठाच होती. स्वायत्ततेच्या सिद्धांताने आपली सामाजिक अभिरुची इतकी उघडपणे क्वचितच दाखवली असेल.

बंगालीत असे घडले नाही. शरदिंदु बंदोपाध्याय यांचा व्योमकेश १९३२ मध्ये अवतरला, सत्यजित राय यांचा फेलुदा १९६५ मध्ये. आणि सुकुमार सेन यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञ-वाङ्मयेतिहासकाराने १९८८ मध्ये गुन्हेकथेच्या इतिहासावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बंगाली भाषेच्या उत्पत्तीचा आणि वाङ्मयाचा विचार आयुष्यभर करणाऱ्या विद्वानाला तो विषय आपल्या पायरीखालचा वाटला नाही. मराठीत हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे अर्नाळकर १९९६ मध्ये निवर्तले, शिरवळकर २००३ मध्ये, धारप २००८ मध्ये, गुरुनाथ नाईक २०२१ मध्ये. त्या-त्या वेळी मृत्युलेख आले. मृत्युलेख ही समीक्षा नव्हे.

३

‘उकल झाली की संपले’ या गृहीतकाची परीक्षा कादंबरीवर घेण्याआधी, खरेखुरे रहस्य जिथे होते आणि ज्याची उकलही झाली, अशा एखाद्या स्थळावर ती घेणे उद्बोधक ठरेल. बुलडाणा जिल्ह्यातील लोणार हे असे स्थळ आहे.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ वर्तुळाकार विवर; तळाशी क्षारयुक्त पाणी; काठावर गोड्या पाण्याची अखंड धार; भोवती काळा बेसाल्ट. हे कसे झाले, या प्रश्नाचे पहिले उत्तर कथेच्या रूपात आले. लवणासुर भूमिगत विवरात लपून राहतो. विष्णू सुंदर तरुणाचे रूप घेऊन येतो. दैत्याच्या बहिणी मोहित होऊन लपण्याची जागा सांगून टाकतात. विष्णू पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडवतो आणि दैत्याचा वध करतो. उडालेले झाकण म्हणजे एक टेकडी, असेही सांगतात. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर या कथेचे शिल्परूप स्मारक आहे. या कथेचे घटक पाहावेत : गुप्तस्थान, वेषांतर, घरभेद, झाकण उघडणे, आणि दूर पडलेली टेकडी हा पुरावा. रहस्यकथा ही रेनॉल्ड्स आणि कॉनन डॉयल यांच्यामार्फत आलेली परकी वस्तू आहे, असे सांगणाऱ्यांनी आपल्या स्थलपुराणांची संरचना तपासलेली नसते.

दुसरे उत्तर ज्वालामुखीचे. दख्खनचा सारा प्रदेश लाव्हाच्या थरांनी घडलेला असल्याने संशय साहजिकपणे ज्वालामुखीवर गेला. हा संशयित इतका जवळचा होता की, दुसऱ्याचा विचार करण्याची निकड भासली नाही. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातील विवराशी लोणारचे साम्य नोंदवले. पण ॲरिझोनातील विवर वाफेच्या स्फोटाने झाले, असा निष्कर्ष त्याने काढला होता. साम्य बरोबर, निष्कर्ष चूक. सुगावा हाती आणि आरोपी निसटलेला, ही रहस्यकथेच्या मधल्या प्रकरणातली परिचित अवस्था. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी विवराच्या तळातील नमुन्यांत आघाताच्या प्रचंड दाबाने काचरूप झालेले खनिज दाखवून दिले, आणि लोणार हे बेसाल्ट खडकातले आघातविवर असल्याचे प्रस्थापित झाले. कारण अशनीचे होते. अपराधी घटनास्थळीच नष्ट झाला होता.

मग लोणार संपले काय? उकल झाल्यावरच खरे वाचन सुरू झाले. आघात केव्हा झाला, या प्रश्नाला १९९७ मधील एका मापनाने सुमारे ५२ हजार वर्षे असे उत्तर दिले, तर २०११ मधील दुसऱ्या पद्धतीच्या मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. दोन साक्षीदारांत दहा-अकरा पटींची तफावत आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांपर्यंत पोचणारा नवा शोध सुरू झाला. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ज्याची ‘उकल’ झाली ती वस्तू अधिक वाचनीय झाली. आणि लवणासुराची कथाही असत्य ठरून मेली नाही, कारण ती दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होती.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ च्या निबंधात मांडलेला भेद येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. हेरकथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. पहिली संहितेच्या आरंभी घडून संपलेली असते. ती अनुपस्थित असते. आपण वाचतो ती दुसरी. थरारकादंबरीत मात्र पहिली कथा मागे सरते आणि दुसरीच धोक्यात येते. वाचक ‘काय झाले’ याऐवजी ‘काय होईल’ याकडे झुकतो. लोणारला पहिल्या कथेचा साक्षीदार नाही. तिचे वाक्य खडकातल्या परिणामांवरून उलट्या दिशेने जुळवावे लागते. कार्याकडून कारणाकडे जाण्याच्या या प्रवासात कारणाचे नाव हा मुक्काम आहे, प्रवासाचा आशय नव्हे. हेच रहस्यकथेत ज्याला कळले नाही, तो खुन्याचे नाव म्हणजेच कादंबरी असे समजतो.

एडमंड विल्सन यांनी १९४५ मध्ये ‘रॉजर ॲक्रॉइडला कोणी मारले याची कोणाला पर्वा?’ असा प्रश्न शीर्षकातच विचारून हेरकथेला मोडीत काढले. त्र्याहत्तर नव्हे, अवघ्या त्रेपन्न वर्षांनी, १९९८ मध्ये, प्येर बायार या फ्रेंच समीक्षकाने त्याच १९२६ च्या कादंबरीवर ग्रंथ लिहिला आणि संहितेतल्याच पुराव्यांवरून पॉयरोचा निष्कर्ष सदोष असल्याचे प्रतिपादन केले. पुनर्वाचन अशक्य म्हणून घोषित झालेल्या संहितेचे पुनर्वाचन इतके फलद्रूप झाले की, लेखिकेने बंद केलेला खटला पुन्हा उभा राहिला. विल्सनचा तुच्छतावाद आपल्याकडे तात्काळ पोचला. बायारची चिकाटी अजून पोचावयाची आहे.

लोणारचे नाव मराठीच्या अभ्यासकाला भूशास्त्रापूर्वी ‘लीळाचरित्रा’तून भेटलेले असते, चक्रधरांच्या तेथील वास्तव्याच्या लीळा त्यात आहेत. तो ग्रंथ कसा सिद्ध झाला, हे स्मरण्याजोगे आहे. ज्या व्यक्तीविषयी लिहावयाचे ती निघून गेलेली. म्हाइंभट ठिकठिकाणी जाऊन ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना गाठतात, कथन पडताळून घेतात, स्थान नोंदवतात, एकाच प्रसंगाचे भिन्न पाठ राखतात. अनुपस्थित कथा साक्षींच्या आधारे उभी करण्याची ही पद्धत मराठी गद्याच्या उगमाशीच आहे. ‘लीळाचरित्र’ ही रहस्यकथा आहे असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. पण तपास हे कथनाचे रूप मराठीला परके आहे असे म्हणणे त्याहून अधिक हास्यास्पद आहे.

४

आता मूळ आरोपाकडे वळता येईल. मराठीतील कादंबरीचे सर्वसाधारण परीक्षण घ्यावे. आरंभी लेखकाचा परिचय. मग दोन-तृतीयांश जागेत कथानकाचा सारांश. मग ‘व्यक्तिरेखा ठसठशीत उतरल्या आहेत’, ‘भाषा ओघवती आहे’, ‘मुखपृष्ठ आशयाला साजेसे आहे’ अशी तीन वाक्ये. शेवटी मुद्रणदोषांविषयी सौम्य नापसंती. यातून सारांश वजा केला तर काय उरते? रहस्यकथा नेमका हाच सारांश वजा करायला लावते. परीक्षकाने शेवट सांगू नये हा वाचकाशी झालेला अलिखित करार आहे. म्हणून रहस्यकथा ही समीक्षेची कसोटी ठरते : कथा न सांगता कथनाविषयी बोलून दाखवा, असे ती आव्हान देते.

हे आव्हान पेलता येते, आणि त्यासाठी लागणारी साधने आपल्या हाताशी आहेत. कोणाला काय केव्हा ठाऊक आहे, हा पहिला प्रश्न. वाचक, निवेदक, शोधक आणि अपराधी यांच्यात ज्ञानाची वाटणी कशी केली आहे? ‘मृच्छकटिका’च्या नवव्या अंकात चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा खटला चालतो. ती जिवंत आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, न्यायाधीशाला नसते. आणि विदूषकाच्या जवळून दागिने खाली पडतात तेव्हा निर्दोष माणसाविरुद्धचा पुरावा पूर्ण होतो. येथे रहस्य तीळमात्र नाही, ताण मात्र पराकोटीचा आहे. रहस्य आणि उत्कंठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विवेक संस्कृत नाटकाच्या साध्या वाचनातूनही करता येतो. ‘मुद्राराक्षसा’तील अंगठी आणि पत्र यांचा प्रवास समजावून देणारा प्राध्यापक हेरकथेला नाक मुरडतो तेव्हा तो स्वतःच्याच वर्गातले व्याख्यान विसरलेला असतो.

भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत शंका, औत्सुक्य, वितर्क, त्रास आणि मति आहेत. मनातले लपवणारा अवहित्थही आहे. शोधकाचा मार्ग शंकेकडून वितर्कामार्गे मतीपर्यंत जातो, वाचक औत्सुक्य आणि त्रास यांत हेलकावतो, आणि अपराध्याचा भाव अवहित्थ असतो. स्थायी भावाच्या परिपोषापेक्षा संचारी भावांच्या गतीवरच उभा राहणारा कथाप्रकार रसव्यवस्थेत कोठे बसतो, की त्या व्यवस्थेची मर्यादा दाखवतो? हा प्रश्न रसचर्चेत गढलेल्या मराठी सौंदर्यशास्त्राला पडावयास हवा होता. हा अभ्यास करण्यासाठी कोणत्याही खुन्याचे नाव उच्चारावे लागत नाही.

सर्वांत समृद्ध क्षेत्र भाषेचे आहे, आणि तेच सर्वस्वी दुर्लक्षित आहे. सुगावा वाक्यात लपवावा लागतो; आणि कोणत्या भाषेत काय लपवता येते, हे व्याकरण ठरवते. इंग्रजीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांसाठी एकच वाक्य आहे. प्रथमपुरुषी निवेदकाचे लिंग शेवटपर्यंत झाकून ठेवता येते. मराठीत पहिल्याच अकर्मक भूतकाळी क्रियापदाला ते फुटते. बंगालीत तृतीयपुरुषी सर्वनामालाही लिंग नाही; व्योमकेशच्या लेखकाला ही सवलत जन्मतः मिळाली होती. मराठी लेखकाला मात्र लपवाछपवी करायची तर प्रयोग बदलावा लागतो. ‘मी उठलो’ म्हणता येत नाही, ‘मी दार उघडले’ म्हणता येते, कारण तेथे क्रियापद कर्माच्या मागे जाते. ‘कोणीतरी आले होते’ हे नपुंसकलिंगी रूप, ‘ती व्यक्ती’ हा व्याकरणाने स्त्रीलिंगी पण अर्थाने मोकळा शब्द, ‘मी जाईन’ हा भविष्यकाळ ही मराठी रहस्यकथाकाराची हत्यारे आहेत. एखाद्या प्रकरणात कर्मणी आणि भावे प्रयोगांची अनैसर्गिक दाटी झालेली दिसली, तर सजग वाचकाने सावध व्हावे. तेथे काहीतरी झाकले जात आहे.

व्याकरण केवळ अडवते असे नाही, ते देतेही. ‘त्यांनी दार उघडले’ या मराठी वाक्यात दार उघडणारा पुरुष आहे की स्त्री, एक आदरणीय व्यक्ती आहे की अनेकजण, हे सांगता येत नाही. साक्षीदाराच्या तोंडी हे वाक्य घातले तर तो खोटे न बोलता संपूर्ण तपास चुकवू शकतो. इंग्रजीला ही संदिग्धता अशा सहजतेने साधणार नाही. एकेरी आणि बहुवचनी संबोधनाचेही तसेच. घरातल्या गड्याने मालकिणीला घाबरल्या क्षणी ‘तू’ म्हटले, किंवा नवऱ्याला कायम ‘अहो’ म्हणणाऱ्या बाईचा आवाज दाराआडून ‘अरे’ असा आला, की नात्याचा पुरावा पंचनाम्याविना हाती येतो. हा सुगावा अस्सल मराठी आहे. तो अनुवादात टिकणार नाही. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला तेव्हापासून आजच्या अनुवादित थरारकादंबऱ्यांपर्यंत, होम्सने वॉटसनला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’ हा निर्णय प्रत्येक अनुवादकाला घ्यावा लागतो, आणि त्या एका निर्णयाने मैत्रीचे तापमान ठरते. अशा निर्णयांची तपासणी कोणत्या परीक्षणात आढळते? ‘अनुवाद सरस उतरला आहे’ एवढेच वाक्य आढळते.

५

रहस्यकथेवर एक गंभीर आक्षेप आहे आणि त्याला सामोरे गेलेच पाहिजे. हा प्रकार स्थितिवादी आहे, असे मार्क्सवादी समीक्षकांनी म्हटले आहे. फ्रँको मोरेत्ती यांच्या मते हेरकथा दोष एका व्यक्तीवर केंद्रित करते आणि उर्वरित समाजाला निर्दोष मुक्त करते; खुनी सापडला की व्यवस्था पूर्ववत होते आणि वाचक निश्चिंत झोपतो. एर्नेस्ट मांडेल यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात या प्रकाराचा इतिहास बूर्झ्वा समाजाच्या इतिहासाशी जोडून दाखवला. हा आक्षेप ‘एकदाच वाचता येते’ यासारखा आळशी नाही. तो संहिता वाचून आलेला आहे.

पण मराठी संहितांवर तो जसाच्या तसा लादता येईल काय? अर्नाळकरांचा झुंजार कायद्याच्या चौकटीबाहेर राहून न्याय करतो. वसाहतकाळात जन्मलेल्या आणि स्वातंत्र्यानंतरही तितक्याच उत्साहाने वाचल्या गेलेल्या या नायकाला पोलीस आणि न्यायालय पुरेसे का वाटत नाहीत? उलट, शिरवळकरांचा अमर विश्वास वकील आहे. त्याचे नाट्य न्यायालयाच्या आतच घडते. कायद्याबाहेरच्या नायकाकडून कायद्याच्या आतल्या नायकाकडे झालेले हे स्थित्यंतर समाजाचा राज्यसंस्थेवरील विश्वास वाढल्याचे द्योतक आहे, की कायदा हेही एक हत्यार आहे हे कळून चुकल्याचे? आरोपी कोणत्या जातिवर्गातले आणि शोधक कोणत्या? कोणत्या आडनावावर संशय कधीच जात नाही? बळी ठरणाऱ्या स्त्रियांत किती जणींना मरण्यापूर्वी बोलण्याची संधी मिळते? मोरेत्तींचा सिद्धांत मराठीत खरा ठरेल किंवा मोडेल. कोणत्याही निकालाने आपले ज्ञान वाढेल.

अडचण अशी की, हे तपासण्यासाठी पुस्तके हवीत. ही पुस्तके स्वस्त कागदावर छापली गेली, भाड्याने फिरली, हाताळून जीर्ण झाली. विद्यापीठीय ग्रंथालयांनी त्यांना सहसा संग्रहयोग्य मानले नाही. जिथे ती होती तिथेही फाटली की बाद झाली. अभिजात ग्रंथाची फाटकी प्रत बांधणीला जाते, रहस्यकथेची रद्दीत. हजाराच्या घरात लेखन असलेल्या लेखकांच्या संपूर्ण, तारीखवार सूच्या अभ्यासकाला सहजी मिळत नाहीत. पुरावा नष्ट होत असताना ज्यांनी पाहिले नाही, तेच आता पुराव्याअभावी आरोप सिद्ध मानत आहेत.

येथे लोणारचा विचार दुसऱ्या अर्थानेही करावा लागतो. मराठी साहित्यव्यवहाराचा नकाशा मुंबई-पुण्याच्या नियतकालिकांनी काढलेला आहे. त्यात लोणार, मेहकर, सिंदखेडराजा ही तालुक्याची गावे ग्राहकांच्या यादीपुरती येतात. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर वर्गवारी लागलेली लहानमोठी ग्रंथालये आणि बसस्थानकावरचे पुस्तकांचे दुकान हीच अशा गावांतली साहित्यसंस्था. तेथील वाचक काय वाचत होता, हे महानगरी समीक्षेने कधी विचारले नाही. तो ‘सामान्य वाचक’ या एका शब्दात मावला. सामान्य वाचक ही समीक्षेने निर्माण केलेली सर्वांत यशस्वी काल्पनिक व्यक्तिरेखा आहे. प्रत्यक्षातला वाचक विवराच्या काठावर राहतो, दैत्याची कथा आजीकडून ऐकतो, अशनीची शाळेत शिकतो, आणि दोन्ही एकमेकांना न छेदता मनात बाळगतो. दोन परस्परविरोधी उकली एकत्र वागवण्याची ही क्षमता असलेल्या वाचकाला रहस्यकथा ‘फसवते’, असे म्हणणाऱ्याने आधी त्या वाचकाला भेटावे.

६

मग करावयाचे काय? उत्तर अनाकर्षक आहे : परीक्षणे लिहावीत. गेल्या तीन-चार दशकांत मराठीच्या विद्यापीठीय अभ्यासकांनी परीक्षणलेखन जवळजवळ सोडून दिले आहे. वसंत दावतर यांच्या संपादनाखाली १९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘आलोचना’ने ग्रंथपरीक्षण हे स्वतंत्र, जबाबदारीचे आणि विस्ताराने करावयाचे काम मानले होते. तो वारसा आज वृत्तपत्रीय पुरवण्यांच्या सहाशे शब्दांत आणि प्रकाशन समारंभांच्या भाषणांत विरघळला आहे. अभ्यासक शोधनिबंधाकडे वळले, कारण पदोन्नतीच्या तक्त्यात शोधनिबंधाला किंमत आहे आणि परीक्षणाला नाही, असे त्यांनी मनाशी पक्के धरले आहे. परिणाम असा की, ज्यांच्याकडे कथनमीमांसेची साधने आहेत ते नवे पुस्तक हाती घेत नाहीत, आणि जे नवे पुस्तक हाती घेतात त्यांच्याकडे साधने नाहीत. सिद्धांत आणि वाचन यांची अशी फारकत झाली की सिद्धांत उद्धरणांवर जगतो आणि वाचन विशेषणांवर.

परीक्षणाकडे परतावयाचे असेल तर रहस्यकथेपासून परतावे. ही सोयीची वाट नाही, म्हणूनच ती सुचवली पाहिजे. कथानक सांगण्याची पळवाट बंद. विषयाच्या थोरवीचा आधार नाही. लेखकाच्या सामाजिक बांधिलकीचे कौतुक करून जागा भरता येत नाही. आत्मचरित्राशी दुवे जोडण्याचा मोह धरता येत नाही. उरतात फक्त वाक्ये, त्यांचा क्रम, आणि त्यांनी वाचकापासून राखलेले अंतर. ज्याला या तीन गोष्टींविषयी हजार शब्द लिहिता येतील तो कोणत्याही कादंबरीविषयी लिहू शकेल. ज्याला लिहिता येणार नाहीत त्याने ‘अभिजात’ कादंबरीवर लिहिलेल्या हजार शब्दांतही कथानकच असेल, हे पैजेवर सांगता येईल.

पदव्युत्तर विद्यार्थ्याला एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी एखादी रहस्यकथा दोनदा वाचावयास द्यावी. पहिल्या वाचनात कोणत्या पानावर कोणाचा संशय आला, ते त्याने नोंदवावे. दुसऱ्या वाचनात त्याच पानावर आपल्याला कोणत्या वाक्याने फसवले, ते शोधावे : प्रयोग बदलला होता काय, संबोधन बदलले होते काय, की महत्त्वाची वस्तू तीन बिनमहत्त्वाच्या वस्तूंच्या यादीत मधोमध ठेवली होती? एका सत्राच्या या कामातून निवेदन, दृष्टिकोन आणि संहितेचा व्यूह या संज्ञा त्याला जितक्या कळतील, तितक्या संज्ञाकोश पाठ करून कळणार नाहीत. आणि त्याने लिहिलेले परीक्षण वाचणाऱ्याला कादंबरी वाचण्याची इच्छा होईल, हा दोष मानावयाचे कारण नाही.

यातून बहुसंख्य रहस्यकथा निकृष्ट ठरतील. ठरोत. बहुसंख्य कविताही निकृष्टच असतात, आणि त्यामुळे कोणी कवितेला वाङ्मयप्रकारांच्या यादीतून काढत नाही. निकृष्ट कविता निकृष्ट का, हे सांगण्याची तसदी तरी घेतली जाते. रहस्यकथेला तेवढेच हवे आहे : तिच्याविषयीचा निकाल वाचनानंतर लागावा, आधी नव्हे.